एपीआयवरून ट्रेडिंग करणाऱ्या पोरांसाठी अर्थपानावर थोडी जागा द्या

मा. संपादक,
स.न.

तुमच्या अर्थपानावर म्युच्युअल फंड, सोनं, एफडीचे दर सगळं नीट येतं, आम्ही वाचतोही. पण आमच्या सांगली-मिरजेकडची इंजिनिअरिंग झालेली कितीतरी पोरं आता पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत चार ओळी लिहून ब्रोकरच्या एपीआयवरून (प्रोग्रामने थेट ब्रोकरकडे ऑर्डर टाकायची सोय) ऑप्शनचे (ठरलेल्या भावाला घ्यायच्या-विकायच्या हक्काचे) सौदे करतात, त्यांच्या उपयोगाचं मराठीत जवळपास काहीच येत नाही. मग शिकणार कुठून, तर व्हिडिओ बघून, आणि तिथं एपीआय की (त्या सोयीचा पासवर्ड) कशी काढायची ते सांगतात पण ऑर्डर एक्सचेंजला गेल्यावर तिचं पुढं काय होतं ते सांगायला कुणाला वेळ नसतो.

स्टॉपलॉसचंच घ्या, म्हणजे तोटा एका मर्यादेवर थांबवायला आधीच लावून ठेवलेली ऑर्डर. एनएसईने सप्टेंबर २०२१ पासून ऑप्शनमध्ये स्टॉपलॉस मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाला विकणारी) बंद केली, म्हणजे आता ट्रिगर (ज्या भावाला ऑर्डर जागी होते) आणि लिमिट (ज्याच्या खाली विकायचं नाही) असे दोन भाव द्यावे लागतात. समजा १२० ला कॉल (बाजार वाढला तर फायदा देणारा ऑप्शन) घेतला, ट्रिगर १०० आणि लिमिट ९८ लावली, आणि भाव १०१ वरून एकदम ९२ वर आला. ट्रिगर लागला, ऑर्डर एक्सचेंजच्या बुकात गेली, पण ९८ ला घेणारा कुणीच नाही, म्हणून ती तिथंच ओपन पडून राहते आणि भाव खाली ६०, ४० करत जातो. पोरगा मात्र निवांत, कारण त्याच्या मते स्टॉपलॉस लावलाय. माझ्या ओळखीतल्या एका मुलाचं असंच झालं, घरी सांगायला त्याला आठवडा लागला.

दुसरं म्हणजे ऑर्डर आयडी. एपीआयने आयडी परत दिला की सौदा झाला असं धरून लोक पुढचा कोड लिहितात. अहो तो नुसता पोचपावतीचा नंबर, त्यानंतर ऑर्डर रिजेक्ट होऊ शकते, अर्धीच भरली जाऊ शकते, ट्रिगर पेंडिंग (ट्रिगरच्या भावाची वाट बघत) राहू शकते, म्हणून स्टेटस आणि ट्रेडबुक (झालेल्या सौद्यांची यादी) तपासल्याशिवाय पुढची ऑर्डर टाकायचीच नाही. आणि नेट गेलं, उत्तर आलं नाही, म्हणून प्रोग्रामने तीच ऑर्डर परत टाकली तर डबल पोझिशन! मोठ्या डेस्कवरसुद्धा चुका होतात, ५ ऑक्टोबर २०१२ ला एका ब्रोकरकडून चुकून ६५० कोटींच्या वर ऑर्डरी गेल्या आणि निफ्टी काही क्षणांत १५ टक्क्यांच्या आसपास खाली आला होता. मग घरातल्या लॅपटॉपवर काय होईल?

एलटीपीचंही तसंच, तो मागचा सौदा झाला तो भाव, आत्ता त्या भावाला घेणारा उभा आहे असं नाही. लांबच्या स्ट्राइकला (चालू भावापासून दूरच्या ठरलेल्या भावाच्या ऑप्शनला) बिड आणि आस्कमध्ये (घेणाऱ्याच्या आणि विकणाऱ्याच्या भावात) मोठं अंतर असतं, म्हणून एलटीपीवर केलेली बॅकटेस्ट (जुन्या भावांवरची चाचणी) फायदा दाखवते आणि खऱ्या बाजारात तोच पैसा त्या फरकात जातो.

यात आता सेबीचे नवे नियम आलेत, ४ फेब्रुवारी २०२५ चं परिपत्रक आणि त्यावरची एक्सचेंजची नियमावली. स्टॅटिक आयपी (न बदलणारा इंटरनेट पत्ता) लागणार, टू-फॅक्टर लॉगिन लागणार, सेकंदाला १० ऑर्डरींच्या वर गेलात तर अल्गोची (आपोआप सौदे करणाऱ्या प्रोग्रामची) एक्सचेंजकडे नोंदणी लागणार, ज्याचं लॉजिक ग्राहकाला दिसत नाही असा ब्लॅक बॉक्स अल्गो विकायचा तर रिसर्च अॅनालिस्टची नोंदणी हवी. नियम चांगलेच आहेत, पण टेलिग्रामवर खात्रीचा अल्गो विकणाऱ्याला 'तुमची नोंदणी दाखवा' असं विचारायचं असतं हे गावाकडच्या पोराला कळणार कसं?

सेबीच्याच अभ्यासात २०२४-२५ मध्ये इक्विटी डेरिव्हेटिव्हमधले (शेअरच्या फ्युचर-ऑप्शनमधले) ९१ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात होते, एकूण तोटा एक लाख कोटींच्या वर. "ट्रेडिंग करू नका" एवढंच छापून ही पोरं थांबणार नाहीत हे मी रोज बघतोय.

म्हणून विनंती आहे की आठवड्यातून एकदा अर्धा कॉलम द्या. ब्रोकरच्या टेक टीममध्ये किंवा एक्सचेंजच्या सिस्टीमवर काम केलेली मराठी माणसं मुंबई-पुण्यात भरपूर आहेत, त्यांच्याकडून लिहून घ्या. एका वेळी एकच गोष्ट, आकड्यांच्या उदाहरणासकट, ट्रिगर पेंडिंग म्हणजे काय, ऑर्डर रिजेक्ट का होते, रेट लिमिट (सेकंदाला किती ऑर्डरी टाकता येतात ती मर्यादा) ओलांडली की काय होतं, आणि सुरुवात स्टॉपलॉसपासून करा, सगळ्यात जास्त पैसे तिथंच जाताना मी बघितलेत.

आपला,
एक नियमित वाचक, सांगली