कांडी गोठली म्हणजे जंतू मेले असं नाही

मा. संपादक,

कालच्या अंकातला कृत्रिम रेतनावरचा लेख वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय. विषय घेतलात त्याबद्दल आभार, पण लिक्विड नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशाला ठेवलेल्या कांडीत, म्हणजे वीर्य भरलेल्या बारीक नळीत, जंतू उरतच नाहीत, हे वाक्य छापण्याआधी तुमच्याकडे कुणी तपासलं का?

अहो, लिक्विड नायट्रोजनमध्ये सगळे जंतू मरत नाहीत, बरेचसे नुसते थांबतात. शुक्राणू गोठताना मरू नयेत म्हणून आपण डायल्युटरमध्ये, म्हणजे वीर्य पातळ करायच्या द्रावणात, ग्लिसरॉल घालतो, अंड्याचा बलक घालतो, त्याचा आसरा जंतूंनाही मिळतो. प्रयोगशाळेत बॅक्टेरिया वर्षानुवर्षं जपून ठेवायचे तरी ग्लिसरॉल घालूनच गोठवतात!

मी वीर्य प्रक्रियेच्या लॅबमध्ये बरीच वर्षं काढलीत, कुठल्या ते सांगत नाही. तिथे एकदा वीर्याच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, स्यूडोमोनास नावाचा जंतू निघाला. सगळ्यांचा संशय वळूवर, मग प्रिप्युसजवळचे (लिंगावरच्या त्वचेजवळचे) केस कापा, सलाईनने धुवा, वीर्य गोळा करायच्या कृत्रिम योनीचे रबरी लायनर बदला, सगळं झालं तरी रिपोर्ट तोच. वेगवेगळ्या वळूंच्या वीर्यात एकच जंतू येतोय तर उगम लॅबमध्येच असणार, डायल्युटरचं पाणी तपासा, असं मी परोपरीने सांगत होतो आणि साहेब म्हणायचे, अँटिबायोटिकचा डोस वाढवा. पेनिसिलिन स्यूडोमोनासवर मुळात चालतच नाही, वाढवून काय होणार? शेवटी पाण्याचा नमुना लावला तेव्हा शुद्ध पाण्याच्या टाकीत आणि नळीच्या आतल्या बुळबुळीत थरात तोच जंतू सापडला. ती टाकी आतून कधी घासली होती ते कुणालाच आठवेना. वळूच्या एका वेळच्या वीर्यातून शेकडो कांड्या भरल्या जातात, तोवर किती बाहेर गेल्या असतील याचा विचार करून आजही संताप होतो.

आणि गाय उलटली, म्हणजे रेतन करूनही गाभण न राहता पुन्हा माजावर आली, की दोष कुणाचा, तर शेतकऱ्याचा. माज उशिरा कळवला, चारा कमी पडला. ही कारणं असतात, नाही म्हणत नाही मी, पण कांडीचा जंतूंचा रिपोर्ट दाखवा असं म्हणायची सोय त्याला कुठे आहे? डुकराचं वीर्य तर बहुतेक गोठवत नाहीत, १७ अंशाच्या आसपास ठेवतात, तिथे जंतू थांबत नाहीत, चक्क वाढतात आणि शुक्राणूंचे गठ्ठे होतात, हालचाल मंदावते. त्यावर लेखात एक ओळ नाही.

अजून एक, लेखासोबतच्या फोटोत तो मुलगा नायट्रोजनच्या कंटेनरमध्ये उघड्या हाताने काम करतोय. ना ग्लोव्ह, ना चष्मा. इतक्या थंडीने हात भाजेल त्याचा, आणि फोटो बघून नवीन मुलं तसंच शिकतील.

कृपया दुरुस्ती छापा, आणि लेख ज्या पानावर आला त्याच पानावर छापा, आतल्या कोपऱ्यात नको.

आपला,
एक माजी लॅब टेक्निशियन