ढोल वगळून कसली नवसंजीवनी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात ‘शिमग्याला नवसंजीवनी’ अशा मथळ्याखाली रत्नागिरीकडच्या पालखी नृत्य स्पर्धेचं कौतुक छापलंत. फोटोतली पालखी रिकामी, मागे डीजेची भिंत, ढोल कुठेच नाही. वाचून संताप आला.

रूपं, म्हणजे देवाचे मुखवटे, लागलेली पालखी जड असते. देवाची रूपं आत मांडून वस्त्रांनी, दोरीने आवळून बांधतात आणि मगच ती नाचते. खांदा बदलायची वेळ आली की ढोलवाला भोयांच्या, म्हणजे पालखी खांद्यावर घेणाऱ्यांच्या, पायांकडे बघून ठेका उतरवतो, दांडी दुसऱ्या खांद्यावर बसली की पुन्हा चढवतो. डीजेला भोई दिसत नाहीत. ठेका धावतच राहतो, पुढचे दांडी उचलतात तेव्हा मागचे खाली असतात, हिसका बसतो आणि सगळा ताण बांधणीवर येतो. रूपं कलली की नाच थांबवून गुरवाला बोलवावं लागतं. रिकाम्या पालखीत यातलं काही कळणारच नाही.

ढोलसुद्धा गळ्यात अडकवला की वाजतो असं नाही. रात्रीच्या दवाने पान, म्हणजे ढोलाचं कातडं, सैल पडतं, आवाज बसतो. मग होळीच्या निखाऱ्यांवर ते लांबून, फिरवत शेकायचं. फार जवळ नेलं तर तडकतं. हे जाणत्याच्या शेजारी बसूनच येतं. बक्षिसांचा पैसा वाडीतल्या दोन पोरांना ढोल शिकवण्यावर घाला, चार वर्षांत फरक दिसेल.

आणि पालखीची घरभेट? अंगणात रांगोळी, पाट, खणानारळाची ओटी, मग त्या घराचं नाव घेऊन गाऱ्हाणं, म्हणजे देवाला साकडं. चाकरमानी दोन दिवसांत परततात म्हणून आता अख्ख्या वाडीचं गाऱ्हाणं एकदम उरकतात. वर्षभर वाट पाहणारी म्हातारी दारातच उभी राहते. त्यावर एक ओळ नाही तुमच्या बातमीत.

आणखी एक. ‘कोकणात शिमगा पौर्णिमेला’ हे दरवर्षी छापणं बंद करा. पौर्णिमेचे ते भद्रेचे शिमगे. तेरसे शिमगे असलेल्या गावांत होम, म्हणजे होळी, त्रयोदशीला लागतो. मुंबईत बसलेला नवखा मुलगा तुमची तारीख धरून एसटीचं तिकीट काढतो आणि गावात पोहोचतो तेव्हा होमाची राख उरलेली असते. फोटोखाली ‘राक्षसाच्या वेशातील कलाकार’ लिहिलंत, तो शिमग्याच्या खेळ्यांतला संकासूर आहे. काळा पोशाख, उंच टोकदार टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरू. दुरुस्ती छापावी.

– एक वाचक, ता. गुहागर