रणगाडे चिंगसला पोहोचले, तरी राणे थांबले नाहीत

महोदय,

परमवीर चक्र विजेते सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांच्यावर दरवर्षी एप्रिलमध्ये मजकूर छापून येतो. ‘सुरुंग काढून त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली’ या एका वाक्यात त्यांचे चार दिवस संपतात. कारवारकडचा हा माणूस 1940 मध्ये खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये (सैन्याच्या अभियंता दलात) शिपाई म्हणून भरती झाला, बर्माच्या लढाईत हवालदार झाला आणि डिसेंबर 1947 मध्ये अधिकारी. काश्मीरच्या युद्धात, शत्रूच्या ताब्यातले राजौरी परत घ्यायला निघालेल्या रणगाड्यांसाठी नौशेरा-राजौरी रस्त्यावर उतरताना त्याला अधिकारी होऊन चार महिनेही झाले नव्हते. त्यांनी नेमके काय केले, हे वाचकांना सविस्तर कळले पाहिजे.

8 एप्रिल 1948, सकाळी 11. सुरुंग काढायला निघण्याच्या बेतात असतानाच तुकडीवर उखळी तोफांचा मारा झाला. दोन जवान ठार झाले आणि राणे धरून पाच जखमी. दुपारी साडेचारच्या सुमारास बरवालीची डोंगरधार हाती आल्यावर त्यांनी रणगाड्यांसाठी वळणरस्ता (अडथळ्याला बगल देणारी वाट) करायला घेतला. रात्री 10 पर्यंत काम, दुसऱ्या दिवशी पहाटे 6 पासून पुन्हा, आणि दुपारी 3 ला रस्ता तयार. एका वळणरस्त्याला साडेचौदा तास! डोंगरात हे सहज समजण्यासारखे आहे. स्टुअर्ट रणगाडा हलका म्हटला तरी सुमारे 15 टनांचा. डोंगराकडची बाजू खोदायची, दरीकडे दगड रचायचे, भराव ठोकून बसवायचा. भराव कच्चा राहिला की कड खचते, पट्टा उतरतो किंवा रणगाडाच कलंडतो आणि अरुंद रस्त्यावर मागचा अख्खा ताफा अडकतो.

पुढे पाइनची झाडे आडवी पाडलेली, मग रस्त्याखालची उडवलेली मोरी, पुन्हा झाडे. 9 तारखेला संध्याकाळी सव्वासहाला पाच मोठी झाडे आडवी आली, भोवती सुरुंग आणि वर मशीनगनचा मारा. अशा ठिकाणी आधी सुरुंग, मग झाड. सुरुंग शोधायची सळई जमिनीत तिरपी सरकवायची. उभी खुपसली तर टोक थेट सुरुंगाच्या दाबपट्टीवर बसते. सुरुंग लागला तरी लगेच उचलायचा नाही. कडेची माती बोटांनी सारून खाली दुसरा सापळा लावलाय का ते चाचपायचे आणि शंका आली तर दोरी बांधून आडोशामागून ओढायचा. झाड उडवायला खोडाला भोक पाडून स्फोटक दारू भरली तर थोडक्यात भागते, पण त्याला वेळ जातो. बाहेरून बांधली तर कितीतरी जास्त लागते. हे सगळे मावळत्या उजेडात आणि गोळीबारात. अखेर ताफाप्रमुखाने रात्रीपुरता ताफा थांबवला. 10 तारखेला पहाटे पावणेपाचला राणे त्याच झाडांपाशी परत गेले आणि साडेसहाला तो अडथळा मोकळा झाला. पुढचे हजार यार्ड अडथळ्यांनी आणि उडवलेल्या बांधांनी भरलेले होते. तेही साडेदहापर्यंत साफ झाले.

यापुढचा भाग जवळजवळ नेहमीच गाळला जातो. रणगाडे रस्ता सोडून तावी नदीच्या पात्रात उतरले आणि दुपारी 2 ला राजौरीच्या वाटेवरच्या चिंगसला पोहोचले. ‘रणगाड्यांना वाट’ एवढेच काम असते तर ते तिथेच संपले होते. पण ट्रकला नदीच्या गोट्यांतून जाता येत नाही, आणि शिधा, दारूगोळा, पेट्रोल ट्रकनेच येते. त्यांच्याविना रणगाडे पुढे अडकून पडतात. म्हणून जखमी राणे मागे रस्त्यावरच राहिले. त्या दिवशी अन्न नाही, विश्रांती नाही, रात्री 9 पर्यंत काम. 11 तारखेला सकाळी 6 ला पुन्हा सुरुवात आणि 11 वाजता चिंगसपर्यंतचा रस्ता खुला. त्यानंतरही रात्री 10 पर्यंत ते पुढचा रस्ता साफ करत होते. 12 एप्रिलला सैन्य राजौरीत शिरले.

मेजर राणे 1994 मध्ये पुण्यात वारले. कारवारच्या किनाऱ्यावर त्यांचा पुतळा आहे, त्यांच्या नावाचे तेलवाहू जहाजही होते. पुढच्या 8 एप्रिलला त्यांच्या छायाचित्राखाली हे चार दिवस तास-वेळेसकट छापावेत आणि रणगाडे पात्रात उतरल्यानंतरचे काम त्यातून गाळू नये, एवढी विनंती.

— एक निवृत्त सॅपर, दापोडी, पुणे