टोप्या दसऱ्याआधी विणून व्हायला हव्यात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी डिसेंबर संपत आला की आपल्या पेपरात उबदार कपडे वाटपाच्या बातम्या सुरू होतात, कुठे ब्लँकेट, कुठे स्वेटर, कुठे एखाद्या महिला मंडळाने विणलेल्या टोप्या, वाचून बरं वाटतंच. पण हे पत्र मी मुद्दाम आत्ता आषाढात लिहितेय, कारण विणायचं असेल तर आत्ताच सुया हातात घ्यायला पाहिजेत. डिसेंबरच्या शेवटी वाटलेली टोपी त्या हिवाळ्यात कितीशी वापरली जाणार, संक्रांत झाली की थंडी उतरायलाच लागते. आणि मी ज्या मुलांबद्दल सांगतेय ती तर त्याच्या किती आधी घर सोडून गेलेली असतात.

ऊसतोड कामगारांची मुलं. बीड जिल्हा, शिवाय आमच्या अहिल्यानगरमधला पाथर्डी-शेवगावचा भाग, जालना, इकडून दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि गाळप हंगाम संपेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत कारखान्यांच्या आसपास कोप्या टाकून राहतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, टोळीत माणसं अशीच मोजतात, आणि लहान पोरं सोबत. आमच्या भागात ऊस म्हणजे पाटपाण्याचं रान, दिवसा ऊन असलं तरी रात्री जमिनीतून गारठा वर येतो, आणि कोपीला भिंत अशी नसतेच, बांबूच्या कामट्या, वर चटई नाहीतर ताडपत्री, खाली पाचट म्हणजे उसाचा वाळलेला पाला. आईबाप पहाटे अंधारातच फडावर जातात, मग कोपीत मागे राहतं कोण तर सात-आठ वर्षांची बहीण आणि तिच्या कडेवरचं लहानगं. निफाडचा पारा चार-पाच अंशांवर आला की टीव्हीवर द्राक्षबागेतल्या शेकोट्या दाखवतात, द्राक्षाची काळजी करायलाच हवी, पण त्याच गारठ्यात पाचटावर झोपलेली ही पोरंही आहेत.

आता माझा मुद्दा. आम्ही कॉलनीतल्या काही जणी गेली काही वर्षं विणून देतो, इतर मंडळांचंही सामान आमच्याकडे जमा होतं आणि ते साखरशाळेपर्यंत, म्हणजे तोडणीच्या भागात या मुलांसाठी हंगामापुरत्या चालणाऱ्या शाळेपर्यंत पोचवतो. जमा काय होतं बघा, निम्म्याहून जास्त बाळाचे सेट, कुंची, टोपडं, इवलेसे बूट, आणि बाकी मोठ्यांचे मफलर. पाच ते बारा वर्षांच्या मुलांच्या मापाचं जवळजवळ काहीच नसतं. कारण समजण्यासारखं आहे, बाळाचं पटकन होतं, दिसतं गोड, आणि मफलरला माप लागत नाही. पण साखरशाळेत येणारी मुलं याच मधल्या वयाची असतात, त्यांच्या डोक्यावर आईच्या जुन्या साडीचा फडका नाहीतर काहीच नाही.

बरं या वयाचं माप अवघड म्हणावं तर तसंही नाही. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३४-३५ सेंटिमीटर असतो आणि पहिल्या दोन-तीन वर्षांत तो भराभर वाढतो, पण पाच वर्षांचं पोर आणि दहा वर्षांचं पोर यांच्या डोक्यात जेमतेम दोन सेंटिमीटरचा फरक, दोघांचं ५१ ते ५३ च्या आसपास. म्हणजे ताणली जाणारी वीण घातली तर एकच माप सगळ्या वर्गाला होतं! दोन सुलट दोन उलट, आपण स्वेटरच्या बॉर्डरला घालतो तीच वीण अख्ख्या टोपीला घालायची. ४ प्लाय लोकर, १० नंबरच्या सुया, १२२ टाके (त्यातले दोन शिवणीला). २२ सेंटिमीटर सरळ विणत जायचं, मग आधी उलट टाक्यांच्या जोड्या दोनाचा एक करायच्या, तीन-चार ओळी झाल्या की सुलटच्या जोड्या, मग सगळेच दोनाचा एक, उरलेल्या टाक्यांतून धागा ओवून घट्ट ओढायचा आणि मागची शिवण घालायची. खालची सहा सेंटिमीटर बाहेर दुमडली की ती घडी बरोब्बर कानावर येते, कानावर डबल थर. साधारण ५०-६० ग्रॅम लोकर लागते. रोज टीव्ही बघताना विणलं तरी चार-पाच संध्याकाळी टोपी तयार, शिवाय नक्षी नसल्याने मोजायला डोकं लागत नाही, दवाखान्यात नंबर लागेपर्यंत, एसटीत, लोकलमध्ये कुठेही विणता येते. क्रोशावाल्या मैत्रिणींना एवढंच सांगणं की जाळीची टोपी करू नका, भोकातून वारा शिरतो, आणि लोकरही क्रोशाला जास्त जाते. करायचीच तर घट्ट टाक्याची करा.

यापुढचं जरा जास्त सविस्तर लिहितेय कारण हे कुणी सांगतच नाही. आपण दुकानात ज्याला लोकर म्हणतो त्यातलं बरंचसं ॲक्रिलिक असतं. मऊ असतं, रंग छान, धुवायला सोपं, स्वस्त, घरातल्या मुलांना अगदी उत्तम. पण कोपीत चूल असते आणि कोपीबाहेर शेकोटी, मुलं तिला अक्षरशः चिकटून बसलेली असतात. ॲक्रिलिकवर ठिणगी पडली तर ते वितळतं आणि वितळलेलं कातडीला चिकटतं. खरी लोकर सहजासहजी पेट घेत नाही, पेटली तरी धुमसून बहुतेक विझते. म्हणून या मुलांसाठी लांब मफलर नको, त्याच्या लोंबत्या झालरी तर अजिबातच नकोत, गळ्यासाठी द्यायचं तर डोक्यातून घालायची गोल गळपट्टी द्या, तिचं टोक कुठे लोंबत नाही. आणि जमेल तिथे खरी लोकर नाहीतर लोकर जास्त असलेलं मिक्स वापरा.

खरी लोकर महाग पडते हे मान्य, पण ती नवीनच घ्यायला हवी असं कुठे आहे? आपल्या प्रत्येकीच्या घरी ट्रंकेत नाहीतर माळ्यावर सासूबाईंच्या नाहीतर आईच्या हातचे स्वेटर पडलेत, डांबरगोळ्यांचा वास येणारे, कोपराला कसर लागलेले, कुणी घालत नाही आणि टाकवतही नाहीत. त्यातले बरेचसे खऱ्या लोकरीचे असतात. खात्री करायची तर शिवणीतला बोटभर धागा कापून चिमट्यात धरून काडी लावा (मोरीत, पाण्याशेजारी). केस जळल्यासारखा वास आला आणि बोटाने चुरली जाणारी काळी राख राहिली तर लोकर. वितळून टोकाला टणक मणी झाला तर ॲक्रिलिक. लोकर निघाली की स्वेटर उसवायचा, धागा खुर्चीच्या पाठीला गुंडाळत लड करायची, चार ठिकाणी सैल गाठीने बांधायची, कोमट पाण्यात साबणचुऱ्यात बुडवून न चोळता दाबून धुवायची आणि खाली तांब्या वगैरे काहीतरी जडसं अडकवून सावलीत वाळत टाकायची. वाळेपर्यंत धाग्याच्या नागमोडी सरळ होतात आणि लोकर पुन्हा विणायजोगी होते. आमच्या आधीच्या पिढीतल्या बायका हे सर्रास करायच्या, थोरल्याचा स्वेटर उसवून धाकट्याचा, हातात कला होती आणि काही वाया जायचं नाही.

जुन्या लोकरीने कपाळाला खाज येते, खरंय. त्याला जुन्या होजिअरी बनियनची चार बोटं पट्टी कापून घडीच्या आतून हाताने शिवून टाकायची. रंग पांढरा नको, काळ्या मातीत दोन दिवसांत मळतो, आणि अगदी काळा-निळाही नको, कारण ही पोरं पहाटे अंधारात रस्त्याच्या कडेने चालतात आणि त्याच रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर जात असतात. पिवळा, केशरी, लाल, निदान वरच्या भागात दोन पट्टे तरी. शेवटी धागे आत नीट ओवून टाका, बाहेर सुटलेलं टोक पाचटात अडकतं आणि एका दिवसात टोपी उसवते. म्हणूनच तोडणीवाल्यांसाठी लोकरी हातमोजे विणू नयेत असंही माझं मत आहे, उसाच्या पाल्याला करवतीसारखी धार असते आणि कोयता धरायला लोकर निसरडी.

(जाता जाता एक, आपल्या दख्खनी मेंढीची लोकर इथलीच, धनगरांकडची, सनगर विणकरांनी विणलेल्या घोंगडीच्या उबेला अजूनही तोड नाही. ती लोकर जाडीभरडी, टोपीला बोचेल, पण ब्लँकेट वाटणाऱ्या मंडळांनी पातळ ब्लँकेटांच्या गठ्ठ्याऐवजी थोड्या का होईना घोंगड्या घेतल्या तर विणणाऱ्याच्याही घरात चार पैसे जातील.)

बाळांच्या सेटना माझा विरोध नाही, गैरसमज नको. अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं बाळ झालं की त्याला अंगातली ऊब टिकवणं जड जातं, अंगाच्या मानाने डोकं मोठं असल्याने डोक्यावाटे ऊब जास्त जाते, म्हणून कांगारू मदर केअरमध्ये आईच्या छातीशी धरलेल्या बाळालाही टोपी आणि मोजे घालतात. सरकारी दवाखान्यात अशा टोप्या लागतात. फक्त विणण्याआधी वॉर्डातल्या सिस्टरना विचारा, माप कुठलं, धुतात कशा पाण्यात. बंद, रिबिनी, मणी, गोंडे, बटणं काहीही लावू नका, बंद गळ्याला आवळू शकतात आणि मणी तोंडात जाऊ शकतो.

काही जण म्हणतील की बाजारात स्वस्तात टोप्या मिळतात, विणत कशाला बसायचं. ज्यांना विणता येत नाही त्यांनी जरूर विकत घेऊन द्याव्यात, थंडी वाजणाऱ्या पोराला टोपी कुणी केली याने काय फरक पडतो. पण आपल्याकडे शाळेत कार्यानुभवाच्या तासाला सुया धरायला शिकलेल्या हजारो बायका आहेत, नातवंडं आता हातचा स्वेटर घालत नाहीत म्हणून त्यांच्या सुया डब्यात पडून आहेत. त्यांना विणायचंच असतं, कुणासाठी आणि काय हे कुणी सांगितलं तर उद्या सुरू करतील.

आणि इथेच आपल्या पेपरची मदत हवीय. पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धात रेडक्रॉसने सैनिकांसाठी विणणाऱ्या बायकांना छापील नमुने दिले होते, मोजे कसे, कानटोपी कशी, टाके किती, सगळं लिहिलेलं, त्यामुळे ओळखपाळख नसलेल्या बायकांच्या हातून एकसारखी कामाची वस्तू तयार व्हायची. १९६२ च्या चीन युद्धात आपल्याकडेही घरोघरी जवानांसाठी स्वेटर विणले गेले, त्या आठवणी सांगणाऱ्या आज्या अजून आहेत. आपल्या महिला पुरवणीत श्रावणात सणांच्या रांगोळ्या आणि पदार्थ येतातच, त्यातली एक चौकट या टोपीसाठी द्यावी, माप, टाके, लोकर कुठली आणि काय टाळायचं एवढंच. जोडीला ऊसतोड होते त्या तालुक्यांमधल्या साखरशाळा आणि बीडकडची हंगामी वसतिगृहं (आईबाप तोडणीला गेल्यावर गावात मागे राहणाऱ्या मुलांसाठीची) यातल्या कुणाला किती टोप्या हव्यात याची आपल्या वार्ताहरांनी चौकशी करून यादी छापली तर फारच उत्तम, म्हणजे एकाच ठिकाणी ढीग आणि दुसरीकडे काहीच नाही असं होणार नाही. शक्य असेल तिथे टोळ्या निघायच्या आधीच गावातल्या जिल्हा परिषद शाळेत टोप्या पोचाव्यात, ट्रकमध्ये बसतानाच पोराच्या डोक्यावर असली तर प्रवासातली पहिली थंड रात्रसुद्धा निभते. वाटताना मुलांना रांगेत उभं करून फोटो काढू नयेत एवढी एक विनंती, शिक्षकांच्या हाती द्याव्यात, ते बरोबर देतात.

नमुना छापायचा असेल तर मापांसकट नीट लिहून, विणलेल्या टोपीचे फोटो काढून मी आठवड्याभरात पाठवते. पुरवणीच्या ताईंनी कळवावं.

आपली,
एक वाचक, श्रीरामपूर