सूचना : गाळ्यातले कॉम्प्युटर साफ करताना

सभासदहो,
सांगली मार्केट यार्डात हळदीची धूळ कुठं नसते? परवा आमचा सारखा बंद पडणारा कॉम्प्युटर उघडला, तर पंख्याच्या पात्यांवर पिवळा थर. सौदे आटोपले की आपापले साफ करून घ्या. वायर काढून पॉवरचं बटण १० सेकंद दाबून धरा. कॅबिनेट बाहेर ओट्यावर न्या. आत हात घालण्याआधी उघड्या पत्र्याला शिवा, अंगातली स्थिर वीज उतरते. पंखा बोटानं धरूनच ब्लोअर मारा. मोकळा सोडला तर भिंगरीसारखा फिरून बेअरिंग जातं. ओलं फडकं नको. पॉवर सप्लायचा डबा उघडूच नका, वायर काढल्यावरही आत करंट साठलेला असतो. मऊ ब्रश ऑफिसात ठेवलाय, वापरून परत आणा. (मागचा गेला तो गेलाच.)