'जेवलो' म्हणजे नक्की काय जेवलो

सिंगापूर,
रविवार, दुपार

चि. चिऊस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, जेवलात का?" मी नेहमीसारखं "जेवलो" म्हणालो आणि विषय बदलला. मग मी तुला विचारलं, तर तूही "जेवले" म्हणालीस आणि हॉस्टेलच्या नव्या मैत्रिणीबद्दल सांगायला लागलीस. फोन ठेवला आणि लक्षात आलं, आपण दोघं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवतोय. म्हणून आज लिहायला बसलो. आधी माझं सांगतो.

इथे आल्यावर पहिले तीन महिने मी धड जेवलोच नाही. ताटाची किंमत चार डॉलर दिसली की मनातल्या मनात रुपये करायचो आणि पुढे सरकायचो. ब्रेड, केळी, पाकिटातल्या शेवया, यावर दिवस काढले. आईला हे ठाऊक नाही. मग एकदा लिफ्टच्या शाफ्टमध्ये काम करताना डोळ्यांपुढे अंधारी आली. पट्टा बांधलेला होता म्हणून निभावलं. सोबतच्या तमिळ सहकाऱ्याने मला हाताला धरून खाली नेलं, इमारतीजवळच्या हॉकर सेंटरमध्ये बसवलं आणि समोर ताट ठेवलं. "आधी खा, मग बोल," एवढंच म्हणाला. त्या दिवसापासून रुपयांचा हिशेब जेवणाच्या वेळी करायचा नाही, असं ठरवलंय.

हॉकर सेंटर म्हणजे चारी बाजूंनी उघडी मोठी छपरी. वर पंखे, मधे जमिनीत पक्की बसवलेली टेबलं आणि स्टुलं, बाजूने छोट्या गाळ्यांच्या रांगा. एकेका गाळ्यात एखादं जोडपं किंवा एकटा म्हातारा दोन-तीनच पदार्थ करतो, पण तेच वर्षानुवर्षं. पूर्वी ही माणसं रस्त्यावर गाड्या लावायची. नळ नाही, खरकटं पाणी सरळ गटारात. सरकारने १९७१ पासून त्यांच्यासाठी अशी सेंटरं बांधायला घेतली, पाणी आणि वीज दिली, आणि १९८६ पर्यंत रस्त्यावरचे जवळजवळ सगळे छपराखाली आले. २०२० मध्ये युनेस्कोने या खाद्यसंस्कृतीला वारशाच्या यादीत घेतलं. मला यातलं एकच फार मोठं वाटतं: नुसती गाडी उचलून नेली नाही, तिला गाळा दिला. म्हणून हाताची चव पुढच्या पिढीपर्यंत पोचली.

आता माझी अडचण. आजीने गळ्यात घातलेली माळ मी काढलेली नाही, हे तुला माहीत आहे. इथे नुसती पालेभाजी मागितली तरी तिच्यातल्या मिरचीच्या वाटणात सुकट असू शकते. एकदा दोन घास खाल्ल्यावर कळलं आणि मी तसाच उठलो. दिवसभर मन खट्टू होतं. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या एका इमारतीखाली पिवळी पाटी लावलेला गाळा दिसला. तिथल्या चिनी आंटींनी माझी माळ पाहिली, स्वतःच्या मनगटातली जपमाळ वर करून दाखवली आणि पाटीवरच्या एका अक्षरावर बोट ठेवलं. त्याचा उच्चार 'सू', अर्थ शाकाहार. या कागदाच्या मागे ते अक्षर काढून ठेवलंय, बघ. मला चिनीतलं तेवढं एकच वाचता येतं आणि तेवढ्यावर माझं पोट भरतं.

त्यांच्याकडे मिळतो बी हून, म्हणजे तांदळाच्या बारीक शेवया, कोबी आणि तळलेली सोयाची पापडी घालून परतलेल्या. शेजारी लालबुंद कापं रचलेली असतात, ती अगदी मांसासारखी दिसतात. मी हात मागे घेतला, तर आंटी म्हणाल्या, "सोया, सोया!" कांदा-लसूणसुद्धा नाही. त्यांच्या बौद्ध धर्मात तो वर्ज्य मानतात. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिथे एवढी रांग लागते की माझी जेवणाची सुटी संपत येते. एरवी मांसाहार करणारे कितीतरी लोक ते दोन दिवस पाळतात. रांगेत उभं राहिलं की मला आजीची एकादशी आठवते आणि वाट बघणं जड जात नाही.

महिन्यातून एकदा वॉटर्लू स्ट्रीटला जातो. तिथे क्वान यिम देवीचं मंदिर आणि कृष्णाचं मंदिर जवळजवळ खेटून आहेत. क्वान यिमचं दर्शन झालं की चिनी बायका कृष्णासमोरही उदबत्त्या लावतात, हात जोडतात. त्याच गल्लीच्या टोकाला एका जुन्या इमारतीत शाकाहारी खाणावळी आहेत. तू आलीस की पहिलं तिथे नेणार.

सकाळी मी 'तेह सी सिऊ दाय' मागतो. म्हणजे आटवलेल्या दुधाचा, कमी साखरेचा चहा. 'कोसोंग' म्हटलं की साखर बिलकुल नाही. हे शब्द मलय आणि चिनी बोलींची मिसळ आहेत, पण चहावाल्याला ते एका दमात सांगता आले त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की आपण इथले पाहुणे नाही. आता तो मला बघूनच कप पुढे करतो.

टेबल कुणा एकाचं नसतं. जागा धरायला लोक टिश्यूचं पाकीट ठेवतात आणि ते कुणी हलवत नाही. खाऊन झालं की आपला ट्रे आपणच रॅकवर नेऊन ठेवायचा. २०२१ पासून तसा नियम आहे, नाही ठेवला तर आधी ताकीद आणि मग दंड. हलाल ताटांचा रॅक वेगळा असतो. एका टेबलावर मी माझ्या शेवया खातो, समोर कुणी मलय आजोबा भात खातात, शेजारी एखादी मुलगी एकटीच, कानात हेडफोन घालून, सूप पीत असते. तुझ्याएवढीच असते. तिच्याकडे बघून वाटतं, माझी चिऊ आत्ता कुणाशेजारी बसून जेवत असेल?

पुढच्या रविवारी तुझे सात वाजले की इथे साडेनऊ. तेव्हा फोन करतो. "जेवले" म्हणून भागणार नाही. मेसचं जेवण आवडत नसेल तर तसं सांग, पैसे वाचवायला एक वेळ उपाशी राहत असशील तर तेही सांग. रागावणार नाही. या महिन्यापासून तुझ्या खात्यावर थोडे जास्त पाठवतोय, ते फक्त खाण्यासाठी.

आईला यातलं तीन महिन्यांचं मी स्वतःच सांगेन. तोवर तू बोलू नकोस.

तुझा,
बाबा