जिल्हा धुळे, खासदार नंदुरबारचा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेत मतदारसंघांचे नकाशे कसे वाकडेतिकडे कापतात त्यावर तुमच्याकडे मागे आलं होतं ते आवडीनं वाचलं. तिकडं १८१२ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या जेरी नावाच्या गव्हर्नरच्या काळात एक मतदारसंघ असा काही आखला की तो पालीसारख्या प्राण्यासारखा, सॅलमँडरसारखा दिसायला लागला आणि तेव्हापासून असल्या कापाकापीला त्या गव्हर्नरचंच नाव चिकटलं. २०२५ ला टेक्सासनं जनगणनेची वाट न बघता मधेच नकाशा बदलला, मग कॅलिफोर्नियानं पण लोकांचं मतदान घेऊन आपला बदलला. वाचायला मजा वाटते, पण साहेब आपल्या खान्देशाचा नकाशा एकदा टेबलावर पसरून बघा, पाल नाही दिसणार पण चकित व्हाल एवढं नक्की.

माझंच सांगतो. मी साक्री तालुक्यातला. सातबारा, कलेक्टर, एसपी, झेडपी सगळं धुळ्याला. पण लोकसभेला मी मत देतो नंदुरबारला. आणि माझी ताई दिलीय सटाण्याकडे, म्हणजे बागलाण तालुका, नाशिक जिल्हा, ती मत देते धुळ्याला. गेल्या भाऊबीजेला कांद्याच्या भावावरून विषय निघाला, दाजी म्हणे तुमच्या धुळ्याच्या खासदाराला सांगा की जरा. मी म्हटलं दाजी, तो तुमना खासदार शे, आमना नही. सगळे हसले. पण हसण्यासारखं काही नाही त्यात, धुळे जिल्ह्यातल्या माणसाला धुळ्याचा खासदार नाही आणि नाशिक जिल्ह्यातल्या बाईला आहे.

हे असं का झालं ते बरेच दिवस मला पण कळत नव्हतं, मग एकदा वहीवर आकडे मांडले. महाराष्ट्रात २८८ आमदार आणि ४८ खासदार, म्हणजे एका खासदाराखाली ६ आमदार. आमदाराचा मतदारसंघ जिल्ह्याची शीव ओलांडत नाही, खासदाराचा ओलांडू शकतो. आता नंदुरबार जिल्ह्यात ४ आमदार, धुळ्यात ५, जळगावात ११, झाले २०. वीसाला सहानं भाग जातच नाही! म्हणून मग नंदुरबारच्या चारात आमचं साक्री आणि शिरपूर टाकून सहा केले. धुळ्याचे उरले तीन, त्यात मालेगावचे दोन (मध्य आणि बाह्य) आणि बागलाण आणले. जळगावच्या अकराला एक कमी पडत होता तर बुलढाण्याचा मलकापूर उचलून रावेरला जोडला. मलकापूर म्हणजे विदर्भ, तिथल्या माणसाचा खासदार खान्देशातला. अशी २० ची २४ केली आणि ४ खासदार झाले. एकदा हे गणित कळलं की राग निम्मा कमी होतो, माझा तरी झाला.

बाकीचा निम्मा राग इतिहासावरचा आहे. मूळ खान्देश हा एकच जिल्हा, १९०६ ला इंग्रजांनी त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन केले, पुढं त्यांचीच नावं जळगाव आणि धुळे झाली. पहिल्या लोकसभेला १९५२ मध्ये जळगावातून हरिभाऊ पाटसकर निवडून आले, आणि भुसावळ नावाचा वेगळा लोकसभा मतदारसंघ होता हे आज भुसावळच्या पोरांना पण माहीत नसेल. १९५७ ला संयुक्त महाराष्ट्राची हवा होती, तेव्हा पूर्व खान्देशातून नौशेर भरुचा आले, मुंबईचे पारशी वकील. आज कुठल्या पक्षाची हिंमत आहे का हो असा उमेदवार द्यायची? त्याच निवडणुकीत जनसंघाचे देशभरात फक्त ४ खासदार आले, त्यातले एक आपल्या धुळ्याचे उत्तमराव पाटील.

मग आलं एरंडोल. माझं आजोळ एरंडोलचं, त्यामुळं हे जरा मनाला लागतं. तालुक्याचं गाव, पण कितीतरी वर्षं दिल्लीत त्या गावाच्या नावानं खासदार बसायचा. २००७ ला शेवटची पोटनिवडणूक झाली, वसंतराव मोरे निवडून आले, आणि २००८ ला मतदारसंघांची फेररचना झाली त्यात मतदारसंघच गेला. २००९ ला मतदान झालं तेव्हा मामा मतदान करून घरी आले आणि ओट्यावर बसून म्हणे, आमनं नावच पुसाई गयं. त्यांना कोणी आधी सांगितलंच नव्हतं. खरं बघाल तर एरंडोल गेलं नाही, नाव गेलं. आजच्या जळगाव लोकसभेत एरंडोल, अमळनेर, चाळीसगाव, पाचोरा हे सगळं आहे, वर जळगाव शहर आणि ग्रामीण. आणि जुन्या जळगावचा बराच भाग आता रावेर म्हणून ओळखला जातो. हरिभाऊ जावळे २००७ ला जळगावचे खासदार म्हणून आले आणि २००९ ला रावेरचे, ते कुठं गेले नव्हते, नकाशा हलला. आता टीव्हीवर कोणी जळगावची जुनी आकडेवारी काढून ‘या मतदारसंघाचा इतिहास’ म्हणून सांगायला लागलं की मी आवाज बंद करतो, कारण तो इतिहास निम्मा शेजारच्याचा असतो.

आरक्षणाचं पण असंच. धुळे आधी आदिवासींसाठी राखीव होतं, २००८ ला खुलं झालं. मालेगाव राखीव होतं, ते लोकसभेच्या यादीतूनच गेलं आणि दिंडोरी आली. विधानसभेला अरुणभाई गुजराथी जिथून निवडून यायचे ते चोपडा राखीव झालं, अमरिशभाई पटेलांचं शिरपूर राखीव झालं. त्यावर लोक अजून कुरकुर करतात पण मला ते पटत नाही. आदिवासींची टक्केवारी जिथं जास्त तिथं राखीव जागा हा नियमच आहे, साक्री-शिरपूर नंदुरबारला जोडण्यात त्या दृष्टीनं तर्क आहे.

तसंच २०२४ चं. धुळ्यात काँग्रेसच्या शोभाताई बच्छाव ३,८३१ मतांनी आल्या, भाजपचे भामरे साहेब सहापैकी पाच ठिकाणी पुढं होते आणि एकट्या मालेगाव मध्यनं निकाल फिरवला. तेव्हापासून चहाच्या टपरीवर एकच पालुपद, मालेगावनं धुळ्याचा खासदार ठरवला. अरे भाऊ, ठरवणारच ना, मतदार आहेत ते त्या मतदारसंघातले! मालेगाववाले काय स्वतःहून येऊन धुळ्यात बसले नाहीत, फेररचना आयोगानं आणून बसवलं. याच मालेगावला धरून २००९, २०१४, २०१९ ला भाजप निवडून आला तेव्हा कोणाला नकाशा आठवला नाही.

आता मुद्द्यावर येतो. पुढची फेररचना २०२६ नंतरच्या जनगणनेवर होणार, जनगणना २०२७ ला आहे, महिला आरक्षण पण त्यालाच बांधलेलं. पेपरात रोज उत्तर-दक्षिण चाललंय, कोणाच्या जागा वाढणार कोणाच्या घटणार. महाराष्ट्राच्या ४८ जागा १९७१ च्या जनगणनेवर ठरल्या, तेव्हा राज्याची लोकसंख्या ५ कोटी होती, २०११ ला ११ कोटींच्या वर गेली, म्हणजे एका खासदारामागं साडेदहा लाखांचे तेवीस लाख झाले. जागा वाढल्या तर एरंडोल परत येईल का, साक्री धुळ्यात येईल का, मलकापूर बुलढाण्याला जाईल का, हे कोणीच बोलत नाही. आमच्यासाठी तोच प्रश्न आहे.

आपल्याकडं अमेरिकेसारखं सत्ताधारी पक्ष नकाशा काढत नाही, आयोग काढतो, मागच्या वेळी निवृत्त न्यायमूर्ती कुलदीप सिंग होते. खासदार-आमदार त्यात सहयोगी सदस्य असतात, त्यांना मत नसतं. पण एकदा अंतिम आदेश निघाला की कोर्टात भांडायला जवळपास जागा राहत नाही. जे काय बोलायचं ते कच्चा मसुदा निघाल्यावर, हरकती मागवतात आणि जाहीर बैठका घेतात तेव्हाच. आता ती यादी कुठल्या राजपत्रात कुठल्या पानावर छापून येते ते साक्रीच्या बाजारात कोणाला कळणार? आमच्याकडं राजपत्र कोणी वाचत नाही, पेपर वाचतात.

म्हणून विनंती एवढीच की मसुदा निघेल त्या आठवड्यात तुम्ही तो तालुकावार, सर्कलवार, जमल्यास गावाच्या नावासकट छापा, नकाशा मोठा द्या, हरकत कुठं पाठवायची तो पत्ता आणि शेवटची तारीख द्या. जाहिरातीचं एक पान कमी झालं तरी चालेल. मामा आता ऐंशीच्या पुढं गेलेत, त्यांना मी तो अंक स्वतः एरंडोलला नेऊन देईन.

आपला एक वाचक,
तालुका साक्री, जिल्हा धुळे, लोकसभा नंदुरबार